मनोरुग्णांच्या अनैच्छिक हालचाली : समज आणि गैरसमज

पानमळ्यांच्या आपल्या अंजनगावात एखादा माणूस तोंड हालवीत बसला, तर तोंडात विडा असेल असेच कोणीही समजेल. परंतु स्किझोफ्रेनिया म्हणजे छिन्नमनस्कता या आजाराने वर्षानुवर्षे पीडित असलेल्या काही रुग्णांचे तोंड विड्यावाचूनही सारखे चालते. जीभ आतबाहेर होते, ओठ चोखल्यासारखे हलतात, बोटे पेटी वाजविल्याप्रमाणे नाचतात. पुष्कळदा रुग्णाला त्याचा पत्ताही नसतो. मन अस्वस्थ झाले की हे वाढते, झोपेत थांबते. घरची मंडळी याला चाळे म्हणतात, कोणी बाहेरची बाधा म्हणतात, आणि शिकलेले लोक ‘गोळ्यांनी वाया गेला’ म्हणतात. हे शेवटचे मत अर्धे खरे आहे, म्हणूनच आम्हांस ते अधिक घातक वाटते.

क्लोरप्रोमाझिन हे औषध १९५२ साली पॅरिसमध्ये मनोरुग्णांना देण्यास प्रारंभ झाला. अशी औषधे मेंदूतील डोपामिन या द्रव्याचा प्रभाव रोखतात. त्यामुळे भास व संशय कमी होतात. मात्र काही रुग्णांत महिन्यांनी वा वर्षांनी या हालचाली सुरू होतात. त्यांना टार्डिव्ह डिस्कायनेशिया म्हणतात. टार्डिव्ह म्हणजे उशिरा येणारा. वयस्कांना धोका अधिक. नव्या औषधांत तो कमी आहे, पण नाहीसा झालेला नाही.

मग सारा दोष गोळ्यांचाच का? मद्रास म्हणजे आजच्या चेन्नईकडील रुग्णांचा एक अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. औषध घेणाऱ्या रुग्णांपैकी ४१ टक्के लोकांत अशा हालचाली आढळल्या, निरोगी माणसांत १५ टक्के. आणि ज्यांनी कधीच औषध घेतले नव्हते अशा रुग्णांतही ३८ टक्के! हे रुग्ण अवघे २१ होते, हे खरे. तरीही आजाराचाही यात वाटा असावा, असे यावरून दिसते.

तेव्हा वाचकहो, गोळ्या परस्पर बंद करू नका. एकाएकी बंद केल्यास हालचाली वाढू शकतात आणि मूळ आजारही उलटतो. अंग ताठ होऊ नये म्हणून दिली जाणारी ट्रायहेक्सीफेनिडिलची गोळी येथे सहसा चालत नाही, उलट त्रास वाढवू शकते. मात्रा कमी करणे, औषध बदलणे किंवा टेट्राबेनाझिन देणे हा निर्णय मनोविकारतज्ज्ञांचा. उशीर झाल्यास हालचाली कायमच्या राहू शकतात. अमरावतीस किंवा नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात जाताना सोबत एक वही न्यावी. आम्हां बँकवाल्यांना नोंदीची खोडच असते म्हणा! कोणती गोळी कधी सुरू झाली, मात्रा केव्हा बदलली, तोंड केव्हापासून हलू लागले, हे तारखेनिशी लिहावे. घरातील कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना हे काम सहज जमेल.