चेहऱ्याची ठेवण, मुलांचे दात आणि मापदंडाचा प्रश्न

वेडेवाकडे दात व जबड्याची ठेवण सुधारणाऱ्या शास्त्रास ऑर्थोडॉन्टिक्स म्हणतात. उपचार ठरविताना डोक्याचे बाजूने क्ष-किरण चित्र घेतात, त्यावरील ठराविक बिंदू जोडून कोन मोजतात आणि ते प्रमाण आकड्यांशी ताडून पाहतात. ही पद्धत १९३१ पासून रूढ होत गेली.

आता प्रश्न असा की, हे प्रमाण आकडे कोणाचे? डाउन्स यांनी १९४८ साली मांडलेले आकडे उत्तम दंतरचना असलेल्या, १२ ते १७ वर्षे वयाच्या अवघ्या २० गोऱ्या अमेरिकन मुलामुलींवरून काढलेले होते. १९५३ साली स्टायनर यांनी कवटीच्या पायाशी वरच्या जबड्याचा कोन ८२ अंश व खालच्याचा ८० अंश धरला. असे आकडे पुढे जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेले.

भारतात १९६९ साली नंदा आणि नंदा यांनी उत्तर भारतीयांच्या चेहऱ्याचा असाच अभ्यास प्रसिद्ध केला. अनेक भारतीय गटांत पुढचे दात व ओठ गोऱ्या लोकांच्या मापापेक्षा काहीसे पुढे असतात, असे निरनिराळ्या अभ्यासांतून दिसले आहे. परका मापदंड जसाच्या तसा लावला, तर निकोप मूलही सदोष ठरते. मग दात आत घेण्यासाठी जागा हवी म्हणून चांगल्या उपदाढा काढल्या जाऊ शकतात. काढलेला दात परत येत नाही, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

मग प्रत्येक जातीजमातीचा वेगळा मापदंड करावा काय? या बाबतीत इरावती कर्वे यांचे संशोधन उद्बोधक आहे. बर्लिनमध्ये त्यांनी कवटीच्या दोन बाजूंतील असमानता अभ्यासली. तिचा वंशाशी संबंध असावा, असे त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांचे अनुमान होते. कर्वे यांच्या मोजमापांतून ते सिद्ध झाले नाही. पुढे १९६८ साली त्यांनी व के. सी. मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण गटांची जैविक तुलना प्रसिद्ध केली. समान दर्जाच्या या गटांतही फरक आढळले. तात्पर्य, एका नावाखाली येणारी माणसे एका साच्याची नसतात. गटाची सरासरी तुलनेला उपयोगी पडते, परंतु ती त्या मुलाचे ध्येय ठरू शकत नाही.

देवास जिल्ह्यातील हाटपिपल्यासारख्या गावात माळवी, उर्दू व मराठी बोलणाऱ्या घरांतील मुले एका वर्गात बसू शकतात. तेथे शिक्षकाने चेहऱ्यावरून कोणाची तुलना करू नये, चिडवाचिडवी वेळीच थांबवावी. वाढत्या वयात नाक व हनुवटी पुढे येतात, त्यामुळे लहानपणी ओठ जास्त भरलेले दिसतात, हेही पालकांस सांगावे.

मात्र घास नीट चावता येत नसेल, ओठ सहज मिटत नसतील किंवा वरचे दात इतके पुढे असतील की पडल्यावर मोडण्याची भीती आहे, तर तज्ज्ञांकडे अवश्य पाठवावे. दात काढण्याचा सल्ला मिळाल्यास पालकांनी दोन गोष्टी विचाराव्यात : मुलाला प्रत्यक्ष त्रास कोणता आहे, आणि तुलना कोणाच्या मापाशी केली आहे? हे विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे. तो पालकांचा हक्क होय.