बागेत ती, निरोप मात्र त्याच्या मोबाइलवर

द्राक्षाच्या, डाळिंबाच्या बागेत अलीकडे एक खांब उभा दिसतो. वर छोटं सौर पॅनल, वारा मोजणारं भिरभिरं आणि खाली मातीत पुरलेला सेन्सर. मैत्रिणींनो, हे म्हणजे बागेचं स्वतःचं हवामान केंद्र! तापमान, हवेतला दमटपणा, पाऊस, पान किती वेळ ओलं राहिलं, मुळाशी ओल किती, हे सगळं मोजून ते मोबाइलवर कळवतं.

निफाड, दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत अशी यंत्रं आली आहेत. पान बराच वेळ ओलं राहिलं की द्राक्षावर डाऊनी पडतो. पूर्वी आभाळ आलं की फवारणी, शेजाऱ्याने मारलं की आपणही मारायचं. आता धोका खरंच आहे का, हे बघून ठरवता येतं. औषधाचा खर्च वाचतो, निर्यातीच्या मालात औषधाचा अंश राहण्याची धास्तीही कमी होते.

आपल्या नांदगाव तालुक्याला मात्र मोठी चिंता पाण्याची. गिरणा धरण आपल्याच तालुक्यात, पण त्याचं पाणी मुख्यतः जळगाव जिल्ह्याकडे जातं. आपली डाळिंबं जगतात ती विहीर, शेततळं आणि ठिबकवर. बहार धरण्याआधी डाळिंबाला पाणी तोडून ताण द्यावा लागतो. तो कमी पडला तर फुलं कमी, जास्त झाला तर झाडच खचतं. पुढे पाणी मागेपुढे झालं की फळं तडकतात. म्हणून मुळाशी किती ओल आहे, हे कळणं लाखमोलाचं.

यंत्र चांगलंच आहे हो, पण माझं दुखणं वेगळं आहे. बचत गटाच्या बैठकीत मी विचारलं, "तुमच्यापैकी कोणाच्या मोबाइलवर बागेचा मेसेज येतो?" एकीचाही हात वर झाला नाही. एक वहिनी म्हणाल्या, "ताई, ठिबकचा कॉक मीच फिरवते. पण किती वेळ पाणी द्यायचं, ते ह्यांना विचारायचं. हे मार्केटला गेले आणि फोन लागला नाही, की मग अंदाजानंच सोडते." मग एवढं यंत्र लावून उपयोग काय?

प्रश्न फक्त मोबाइलचा नाही. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला, आणि तो मिळतो जमिनीच्या नोंदीवरून. सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई दिवसभर बागेत राबली, तरी कागदावर शेतकरी ठरत नाही. ठिबकच्या अनुदानाचा अर्जही तिच्या नावाने होत नाही. त्याच २०२५ साली राज्याने शेतीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी खास धोरण मंजूर केलं. ते आपल्या बांधापर्यंत येईल, तेव्हा आपण कुठे असणार?

म्हणून तीन गोष्टी कराच. घरच्या बागेत यंत्र असेल, तर अ‍ॅप आपल्याही फोनवर घ्या आणि आकडे वाचायला शिका. मुलगी-सून शिकलेली असेल तर ती शिकवेल. यंत्र नसेल, तर कृषी विभागाचं 'महाविस्तार' हे मराठीतलं मोफत अ‍ॅप आहे. त्यावर हवामान, बाजारभाव आणि पिकाचा सल्ला मिळतो.

तिसरी गोष्ट सातबाऱ्याची. 'लक्ष्मी मुक्ती' योजना १९९२ पासून आहे. नवऱ्याने स्वखुशीने अर्ज केला, की बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. हा विषय घरात भांडून नको, जेवताना शांतपणे काढा. "माझं नाव लागलं तर शेत दोघांचं होईल, तुमचं कमी होणार नाही," एवढंच सांगा.

पाणी सोडणारा हात आपला असेल, तर किती सोडायचं हे सांगणारा आकडाही आपल्याच डोळ्यांसमोर हवा. पटतंय ना?