१ मे : बीबीच्या परिसरातून दिसणारा महाराष्ट्र

बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातील बीबी हे गाव विदर्भ आणि मराठवाडा जेथे एकमेकांना भिडतात त्या पट्ट्यात वसलेले असून, लोणारचे उल्कापाताने बनलेले विवर आणि जिजाऊंचे जन्मस्थान असलेले सिंदखेडराजा ही दोन्ही स्थळे याच परिसरात येतात. राज्याच्या इतिहासात १ मे या तारखेला घडलेल्या घटनांचा परस्परसंबंध अशा सीमेलगतच्या गावाच्या संदर्भात विशेष स्पष्ट होतो.

१८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला आणि बीबीचा परिसर वऱ्हाडात, तर शेजारचा जालन्याचा मुलूख हैदराबाद संस्थानात राहिला. परिणामी एकच भाषा बोलणाऱ्या गावांमधून शंभर वर्षांहून अधिक काळ दोन राजवटींची सीमा गेली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ आणि मराठवाडा हे दोन्ही प्रदेश द्वैभाषिक मुंबई राज्यात, म्हणजे मराठी व गुजराती भाषकांच्या संयुक्त राज्यात, समाविष्ट झाल्याने ती सीमा मिटली, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यानंतर १ मे १९६० रोजी २६ जिल्ह्यांचे महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले, ज्याचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण होते.

राज्य मराठी झाले, तरी कारभार गावापर्यंत पोहोचणे बाकी होते. त्यासाठी विदर्भातीलच वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली आणि तिच्या शिफारशींवर आधारलेल्या १९६१ च्या कायद्यानुसार १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या काम करू लागल्या. ग्रामपंचायत, तालुक्याची पंचायत समिती आणि जिल्हा परिषद या त्रिस्तरीय रचनेमुळे प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्रे, गावरस्ते आणि लहान पाटबंधारे यांसारखे विषय लोकनिर्वाचित सदस्यांच्या अखत्यारीत आले.

पुढे १ मे १९८१ रोजी बुलढाण्याला लागून असलेला जालना जिल्हा निर्माण झाला, त्याच दिवशी कोकणात सिंधुदुर्ग आणि १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली हे जिल्हे वेगळे झाले.

या सर्व घटनांमागे सत्ता लोकांच्या भाषेत आणि लोकांच्या जवळ आणण्याचे एकच सूत्र आहे. म्हणून महाराष्ट्र दिनी ध्वजवंदनाइतकेच महत्त्व ग्रामसभेला आहे, कारण गावातील प्रौढ मतदारांची ही सभा हाच त्या सूत्राचा अखेरचा आणि सर्वांत आवश्यक टप्पा होय. बीबीसारख्या प्रत्येक गावाने ती भरगच्च उपस्थितीने पार पाडावी.