कोलिस्टिन आणि जंतूंचा औषधप्रतिरोध

प्रतिजैविक औषधे वारंवार दिल्याने जंतू त्यांना ‘सरावतात’, असे आपण सहज बोलून जातो. उत्तरपत्रिकांतूनही हे वाक्य आढळते. वस्तुतः येथे सराव कोणालाच होत नाही. औषधाचा स्पर्शही न झालेल्या जंतुसमूहात काही प्रतिरोधक जंतू आधीपासूनच असू शकतात, हे लेडरबर्ग दांपत्याने १९५२ साली दाखवून दिले. औषध इतरांना मारते व त्यांना मोकळे रान करून देते, इतकेच. परंतु हे विवेचन अर्धेच होय. प्रतिरोधाचा गुण एका जंतूकडून दुसऱ्याकडे, भिन्न जातीच्या जंतूकडेसुद्धा, जाऊ शकतो, ही गोष्ट जपानमध्ये आमांशाच्या जंतूंवरील संशोधनातून १९५९ च्या सुमारास पुढे आली.

या दृष्टीने कोलिस्टिनचा इतिहास अभ्यासण्याजोगा आहे. मूत्रपिंडांस अपाय होतो म्हणून हे औषध १९७० नंतरच्या काळात मागे पडले. पुढे कार्बापेनेम वर्गातील औषधांनाही दाद न देणारे जंतू रुग्णालयांत वाढू लागले, तेव्हा नाइलाजाने त्याचाच आश्रय घ्यावा लागला. दरम्यान अनेक देशांत ते कोंबड्या व डुकरे यांच्या खाद्यात, रोगनिवारणासाठीच नव्हे तर वजन वाढावे म्हणूनही, घातले जात होते. अल्प मात्रेत, दीर्घकाळ दिलेले औषध म्हणजे प्रतिरोधक जंतूंची रोपवाटिकाच! २०१५ साली चीनमधून वृत्त आले की, कोलिस्टिन-प्रतिरोधाचे ‘एमसीआर-१’ हे जनुक डुकरे, बाजारातील मांस व रुग्ण या तिन्हींतील जंतूंत सापडले आहे. ते प्लाझ्मिडवर, म्हणजे एका जंतूतून दुसऱ्यात जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या वलयावर, वसलेले होते. चिंतेचे खरे कारण हे. चीनने २०१७ साली वाढीसाठी होणारा हा वापर थांबविला. भारताने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांकरिता कोलिस्टिनची निर्मिती, विक्री व वितरण यांवर बंदी घातली.

जनावरांच्या खाद्याबाबत असा हुकूम काढता येतो. माणसांच्या बाबतीत काम अधिक बिकट आहे. अनेक प्रतिजैविकांची विक्री नोंदवून ठेवण्याचे बंधन ‘एच-१’ अनुसूचीने २०१४ पासून औषधविक्रेत्यांवर घातले, आणि वेष्टनावरील तांबड्या उभ्या रेघेचा अर्थ लोकांस समजावण्याची मोहीम केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ साली हाती घेतली. ‘गोळ्या अर्धवट सोडू नका’ हा उपदेश क्षयरोगात अगदी रास्त आहे; एरवी मात्र ‘गरज नसता सुरूच करू नका’ हे सांगणे अधिक मोलाचे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. सर्दीसाठी दुकानातून ॲझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या मागणाऱ्यास ती रेघ दिसते. पण सर्दी विषाणूंमुळे होते व विषाणूंवर हे औषध चालत नाही, हे कोणी सांगितल्यावाचून तिचा अर्थ त्याला लागत नाही.