फुकट सॉफ्टवेअरच्या साइटवर जाहिरात घ्यायची का? बोईसरच्या पाच पोरांचा प्रश्न



मागच्या व्हिडिओत बोईसरच्या बॅचमधला एक प्रश्न मी दीड मिनिटात गुंडाळला. तेव्हाच मनाला लागलं होतं, की हा प्रश्न एवढ्यात उरकण्यासारखा नाही. म्हणून आज सविस्तर लिहितो. चहा घेऊन बसा.

प्रश्न विचारणारी पाच पोरं. त्यातले दोघं तारापूर एमआयडीसीत कामाला, एकाचं चिल्हार रोडला वडिलांचं फॅब्रिकेशनचं दुकान, एक डिप्लोमा झालेला, एक कॉमर्सवाला. यांनी रात्री जागून मोबाइलवर चालणारं एक छोटं सॉफ्टवेअर बनवलं. लोखंडाचं वजन काढायचं. फॅब्रिकेशनवाल्यांना हिशोब पाठच असतो: सळीचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, 162 ने भागा, एका मीटरचं वजन किलोत मिळतं. 12 एमएमची सळी म्हणजे 144 भागिले 162, मीटरला साधारण 0.89 किलो. बारा मीटरच्या बारला पावणेअकरा किलोच्या आसपास. प्लेटचा हिशोब वेगळा, पाइपचा वेगळा, अँगलचा वेगळा. गिऱ्हाईक समोर उभं असताना हे सगळं डोक्यात करायचं आणि वर भाव लावायचा, यात चूक झाली की नुकसान आपलंच. पोरांनी ते एका पानावर आणलं, मराठीत आणि हिंदीत. फुकट. पालघरपासून डहाणूपर्यंत तीनेकशे लोक ते वापरतात, असा त्यांचा अंदाज.

आता झालं काय, एक लोखंडाचे व्यापारी त्यांना भेटले. म्हणाले, "पोरांनो, काम झकास आहे. वर माझ्या दुकानाची पट्टी लावा आणि खाली 'आजचा भाव' म्हणून माझे भाव दाखवा. महिन्याला तीन हजार देतो."

पाचात दोन तट पडले. एक म्हणतो, घ्या की, कोण कुणाला फुकट तीन हजार देतं? दुसरा म्हणतो, आपण हे जाहिरातीसाठी बनवलं नव्हतं. आणि तिसऱ्याच कुणीतरी सुचवलं, शेठचं राहू दे, गूगलची जाहिरात लावू, ती तर कुणाच्या बापाची नाही.

पहिल्यांदा गूगलचंच बघू, कारण हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं. कागद घ्या. तीनशे लोक, प्रत्येकाने महिन्यातून दहा वेळा पान उघडलं, म्हणजे तीन हजार वेळा जाहिरात दिसली. समजा हजार वेळेला चाळीस रुपये मिळाले. (हा आकडा मी हिशोबापुरता धरलाय, तुमचा कमीजास्त असेल.) महिन्याचे झाले 120 रुपये. गूगल अ‍ॅडसेन्स खात्यात 100 डॉलर जमल्याशिवाय पैसे पाठवत नाही. डॉलर 85 रुपयांचा धरला तर साडेआठ हजार. 120 रुपयांनी साडेआठ हजार जमायला एकाहत्तर महिने लागतात. जवळपास सहा वर्षं! तोवर कॉमर्सवाल्याचं लग्न होऊन पोरगं बालवाडीत जाईल.

बरं, साडेआठ हजार आलेच, तर कुणाच्या खात्यात? या पोरांच्या प्रकल्पाला ना पॅन आहे, ना बँक खातं. अ‍ॅडसेन्सचं खातं कुणा एकाच्या नावावर निघणार, ते उत्पन्न त्याच्याच रिटर्नमध्ये दिसणार, आणि बाकीचे चौघं त्याच्याकडे बघत बसणार. आतापर्यंत पाचही जणांनी रात्री फुकट जागल्या, कारण पाचही जणांना सारखेच शून्य रुपये मिळत होते. शून्याचे वाटे करताना भांडण होत नाही. तीन हजारांचे करताना होतं.

हे काही बोईसरचंच दुखणं नाही. जगातली मोठमोठी स्वयंसेवी कामं याच दगडावर ठेचकाळलीत.

विकिपीडिया सगळ्यांना माहीत आहे. 2002 साली तिथे पैशाची चणचण होती, आणि पुढेमागे जाहिराती येऊ शकतात असा नुसता उल्लेख झाला. जाहिरात लागली नव्हती बरं का, नुसता उल्लेख. तेवढ्यावर स्पॅनिश भाषेत लिहिणारे स्वयंसेवक उठले आणि वेगळा ज्ञानकोश काढून मोकळे झाले. त्यांचं म्हणणं साधं होतं: आम्ही फुकट लिहितो ते कुणाच्या धंद्यासाठी नाही. पुढे विकिपीडियाचा पत्ता डॉट कॉमवरून डॉट ऑर्गवर गेला आणि जाहिरात नाही ते नाहीच. मराठी विकिपीडिया 1 मे 2003 ला, महाराष्ट्र दिनी सुरू झाला, तोवर हा वाद होऊन गेला होता. म्हणून आज मराठीत लिहिणाऱ्याला आपल्या लेखाच्या बाजूला गोरेपणाच्या क्रीमची जाहिरात बघावी लागत नाही.

दुसरा किस्सा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात गिऱ्हाईक फसलंय. गिम्प नावाचं फोटो दुरुस्त करायचं फुकट सॉफ्टवेअर आहे. फ्लेक्स बनवणारे काही जण फोटोशॉपऐवजी हेच वापरतात. विंडोजवाल्यांसाठी ते सोर्सफोर्ज नावाच्या साइटवरून उतरवायला मिळायचं. ती साइट जाहिरातीवर चालायची. जाहिरातदार काय करायचे, तर 'डाउनलोड' असं लिहिलेलं मोठं हिरवं बटण जाहिरात म्हणून लावायचे. माणूस गिम्प घ्यायला यायचा आणि भलतंच काहीतरी घेऊन जायचा. शिव्या कुणाला? गिम्पवाल्यांना. 2013 च्या नोव्हेंबरात ते सोर्सफोर्ज सोडून गेले. 2015 मध्ये त्याच साइटने गिम्पच्या जुन्या खात्याचा ताबा घेऊन त्याच्यासोबत जाहिरातीचं जोडसॉफ्टवेअर द्यायला सुरुवात केली. बोंबाबोंब झाली तेव्हा थांबले. पुढच्या वर्षी साइटचे मालक बदलले आणि नव्या मालकांनी ती योजनाच बंद केली. पण एकदा उडालेला विश्वास मालक बदलला म्हणून लगेच परत येतो का?

इथे एक गोष्ट नीट बघा. जाहिरात कुठल्या पानावर आहे, याला फार महत्त्व आहे. माणूस निवांत वाचत बसलाय तिथे बाजूला जाहिरात असली तर तो बघतो किंवा बघत नाही, विषय संपला. पण माणूस काहीतरी ठरवायला आलाय, घाईत आहे, त्याचं बोट बटणावर जाणार आहे, तिथे जाहिरात असली की ती त्याचं बोट ओढते. आपल्या पोरांचं पान दुसऱ्या प्रकारचं आहे. गिऱ्हाईक समोर उभं, हाताला ग्रीस लागलेलं, आणि खाली शेठचा 'आजचा भाव'. तो भाव कोटेशनमध्ये जाणार. हिशोब बरोबर, भाव शेठचा. शेठ उद्या दोन रुपये चढवून लावेल असं मी म्हणत नाही. पण लावला, तर कोण बघणार आहे?

म्हणजे जाहिरात कधीच नको का? तसंही नाही. पैसा नसण्यातही काही पुण्य नाही, हेही ऐकून घ्या. ओपनएसएसएल नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. तुम्ही नेट बँकिंग करता तेव्हा पत्त्याच्या आधी कुलूप दिसायचं ना, तसल्या कुलपामागचं काम जगभरच्या कितीतरी सर्व्हरांवर हेच करतं. 2014 मध्ये त्यात 'हार्टब्लीड' नावाची मोठी चूक सापडली आणि जगभर धावपळ उडाली. मग कळलं, की या कामाला वर्षाला देणग्या मिळत होत्या सुमारे दोन हजार डॉलर. ज्याच्यावर जगाचे व्यवहार चाललेत, त्याला एका कारकुनाचाही पगार सुटत नव्हता. त्यानंतर मोठ्या कंपन्या एकत्र येऊन पैसे द्यायला लागल्या. आधी सुचलं असतं तर बरं झालं असतं.

आणि जाहिरात घेऊन नीट चाललेलंही उदाहरण आहे. रीड द डॉक्स नावाची साइट आहे, तिथे सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं फुकट ठेवता येतात. त्यांनी जाहिरात घेतली, पण अटी स्वतः घातल्या: वाचणाऱ्याचा माग काढायचा नाही, आणि जाहिरात त्या वाचकाच्या कामाशी संबंधित पाहिजे. पुढे हाच त्यांचा वेगळा धंदा झाला, आता ते इतरांच्या साइटलाही अशाच जाहिराती पुरवतात. पण हे लक्षात घ्या, तिथला माणूस वाचायला आलेला असतो.

याच्या उलट 2019 च्या ऑगस्टमधला किस्सा. 'स्टँडर्ड' नावाचं प्रोग्रामरांचं एक अवजार आहे. त्याच्या कर्त्याने प्रयोग म्हणून, ते बसवताना काम करायच्या पडद्यावरच प्रायोजकाची जाहिरात दाखवली. वापरणारे भडकले, जाहिरातदारच मागे हटला, आणि काही दिवसांत प्रयोग गुंडाळावा लागला. माणूस वाईट नव्हता, त्याचं म्हणणंही खोटं नव्हतं, की आमच्या कामावर कंपन्या कमावतात आणि आम्हाला काही मिळत नाही. जागा चुकली.

मग पैसे आणायचे कुठून? माझ्या मते धंदेवाल्याने बघण्यासारखं उदाहरण मुंबईतच आहे. ईआरपीनेक्स्ट. खरेदी, विक्री, स्टॉक, हिशोब, पगार, सगळं सांभाळणारं सॉफ्टवेअर. रुशभ मेहता यांच्या घरच्या फर्निचरच्या धंद्यात ईआरपी बसवायचा प्रयत्न फसला, त्यातून त्यांनी स्वतःच बनवायला घेतलं. 2008 मध्ये कंपनी काढली, तीच आजची फ्रॅपे. सॉफ्टवेअर खुलं केलं, कुणीही उतरवा, बदला, वापरा, लायसन्सचा एक रुपया नाही. जगभरचे लोक त्यात भर घालतात. आणि कंपनी कमावते कशावर? ज्याला स्वतःचा सर्व्हर सांभाळायचा नाही, त्याच्यासाठी तो चालवून देण्यावर आणि अडचणीला मदत करण्यावर. बॅनर लावून नाही.

यात तुमच्यासाठीही दार उघडं आहे. तारापूरच्या एखाद्या मध्यम कारखान्यात हे बसवून देणं, त्यांचा जुना डेटा भरणं, स्टोअरकीपरला आठवडाभर शिकवणं, याचे पैसे तुम्ही घेऊ शकता. कुणाची परवानगी लागत नाही.

आणि ज्यांना सेवा विकायची नाही, नुसतं फुकट कामच करायचंय, त्यांच्यासाठीही आता देशात दारं आहेत. झिरोधाने 2024 च्या ऑक्टोबरमध्ये खुल्या सॉफ्टवेअरसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. लोखंडाच्या वजनाच्या पानाला तो मिळेल असं मी म्हणत नाही, तो बराच मोठ्या कामांसाठी आहे. पण त्यांच्या अर्जाची एक गोष्ट मला आवडली: प्रकल्पाने आपल्याला किती पैसे लागतात आणि कशासाठी, ते एका फाइलमध्ये लिहून सगळ्यांना दिसेल असं ठेवायचं. पाच जणांच्या कामालाही हे जमतं.

म्हणून मी पोरांना सांगितलं, आधी खर्च लिहा. लिहिला. साइटच्या नावाचे वर्षाचे हजार-बाराशे. सर्व्हर फुकटातला. बाकी खर्च म्हणजे चहा. मग तीन हजार महिना कशाला हवेत? कुणाकडेच उत्तर नव्हतं. फॅब्रिकेशनवाला हळूच म्हणाला, "सर, दुकानवाले विचारतात, यातूनच आमच्या लेटरहेडवर कोटेशन काढून देता का?" अरे, मग हे आधी का नाही सांगितलंस! हिशोब फुकट ठेवा, दुकानाच्या नावाचं कोटेशन हवं त्याच्याकडून वर्षाचे पैसे घ्या. ज्याला फायदा आहे तोच पैसे देतो, आणि भाव दुकानदार स्वतःचा स्वतः भरतो.

शेठचं काय? त्यांना तोंडावर नाही म्हणू नका, म्हटलं. पालघर जिल्ह्यात लोखंडाच्या व्यापाऱ्याशी वाकडं घेऊन फॅब्रिकेशनचं सॉफ्टवेअर चालवणं म्हणजे सातपाटीत राहून कोळ्यांशी भांडण. त्यांना दोन ओळींत लिहून द्या: 'आमच्याबद्दल' या पानावर 'या कामाला मदत करणारे' म्हणून दुकानाचं नाव येईल, वजनाच्या पानावर काही येणार नाही, आणि भावाचा चौकोन रिकामाच राहील. दुसऱ्या व्यापाऱ्यालाही हीच अट, हाच दर.

पोरं रविवारी जाऊन शेठना भेटली. शेठनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "भावाचा चौकोन नाही, तर मग तीन नाही, एक हजार देतो."

म्हणजे दोन हजार त्या चौकोनाचे होते.

पाचही जणांनी हजारावर सह्या केल्या. ते हजार रुपये कुणाच्या खात्यात घ्यायचे, यावर मात्र परवापर्यंत भांडण चालूच होतं. कॉमर्सवाल्याला मी भागीदारीच्या कराराचा नमुना पाठवलाय, आणि सीएला भेटून यायला सांगितलंय.