वाशिमच्या आजी-आजोबांची वाहिनी

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. त्या काळचा तरुण प्रेक्षक आज सत्तरीपार आहे. वाशिम जिल्ह्यात रिसोड-मानोऱ्याकडच्या सोयाबीन-तुरीच्या शेतकऱ्याला ‘आमची माती आमची माणसं’ या शेतीच्या कार्यक्रमाचं नाव वेगळं सांगावं लागत नाही. आषाढीला गुडघ्यांमुळे वारी सुटलेली मंडळी भल्या पहाटे उठून दूरदर्शनच्या ‘सह्याद्री’ वाहिनीसमोर बसतात, पंढरपूरची महापूजा थेट दिसते ना! डिसेंबर २००४मध्ये आलेल्या ‘डीडी फ्री डिश’ या दूरदर्शनच्याच उपग्रह सेवेला महिन्याचं भाडं नाही. छत्री आणि सेट-टॉप बॉक्स, एवढाच काय तो खर्च. म्हाताऱ्या माणसाच्या खिशाला हेच परवडतं. खटकतं ते वेगळंच : बातम्यांखाली धावणारी पट्टी बारीक, अन् ऐकू कमी येणाऱ्यांसाठी पडद्यावर मराठी संवाद क्वचितच उमटतात.