किल्ली मागण्याआधी

आज सत्तरी ओलांडलेल्या पिढीला गाडी सहजासहजी मिळालेली नाही. चेतक स्कूटरसाठी नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची, असा तो काळ होता. 1983 मध्ये मारुती 800 बाजारात आली, तरी ती आपल्या दारात उभी राहायला अनेकांना निवृत्तीची, फंडाच्या पैशांची वाट पाहावी लागली. त्या गाडीवरून मुले शाळेत गेली, बायको माहेरी गेली, अडीनडीला शेजारचा माणूस मध्यरात्री दवाखान्यात पोहोचला. अशा माणसाला पोटचा मुलगा एक दिवस म्हणतो, ‘अप्पा, आता गाडी साकु.’ शब्द कन्नड असो की मराठी, तो जिव्हारी लागायचा तिथे लागतोच.

हा प्रश्न आता बहुतेक घरांत येऊ लागला आहे. मुले पुण्यात, बेंगळूरमध्ये. घरात दोघेच म्हातारा-म्हातारी. बँक, दवाखाना, भाजी, देऊळ, लग्नकार्य, सगळे त्या एका गाडीवर चाललेले असते. म्हणून विषय पुढे ढकलला जातो. मग एखाद्या दिवशी फाटकाला बंपर घासतो किंवा स्कूटर घसरून मनगट मोडते, आणि घाबरलेल्या अवस्थेत, चढ्या आवाजात बोलणे सुरू होते. निर्णय घ्यायला ही सर्वांत वाईट वेळ. तो आधीपासून आणि थोडा थोडा घ्यायला हवा. मुख्य म्हणजे किल्ली मागण्याआधी, किल्ली नसताना घर कसे चालेल याची सोय लागली पाहिजे.

वय किती, एवढ्याने भागत नाही

आपल्या देशात परवान्याला वयाची वरची मर्यादा नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, वयाच्या 55 वर्षांनंतर खासगी वाहनाचा परवाना एका वेळी पाच वर्षांसाठी मिळतो. चाळिशी ओलांडलेल्यांना अर्जासोबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र, म्हणजे नमुना 1-अ, जोडावे लागते. परवान्याची मुदत संपून एक वर्ष उलटले, तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. वैध परवाना नसताना अपघात झाला, तर विमा कंपनी हरकत घेऊ शकते. तेव्हा कपाटातील लायसन्सवरची तारीख आजच पाहून घ्यावी.

पण कागद पाच वर्षांचा असला, तरी शरीर पाच महिन्यांत बदलू शकते. कोणी ऐंशीव्या वर्षी नीट गाडी चालवितो, तर कोणाला पासष्टीतच मधुमेहाने डोळ्यांचा त्रास सुरू होतो. आकड्यावर बोट ठेवून ‘तुम्ही पंचाहत्तरचे झालात, आता बास’ म्हटले की भांडण होते, आणि त्यात ज्येष्ठांचे म्हणणे अगदीच चूक नसते. पाहायचे ते वय नव्हे, माणूस आज गाडी कशी चालवितो ते.

शरीरात काय बदलते?

पहिला बदल डोळ्यांत. साठीच्या माणसाच्या डोळ्यातील पडद्यापर्यंत विशीतल्या तरुणाच्या मानाने साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. म्हणून दिवसा उत्तम दिसणाऱ्या माणसाला रात्री तोच रस्ता अनोळखी वाटतो. समोरून प्रखर दिवे आले की डोळे दिपतात आणि पुन्हा स्थिरावायला जास्त वेळ लागतो. मोतीबिंदूत हा त्रास वाढतो. काचबिंदू तर मुकाट्याने बाजूची नजर खातो. समोरचे दिसत राहते, पण डावीकडून आडवा येणारा सायकलवाला दिसत नाही.

आपल्या जिल्ह्यात याला उसाच्या हंगामाची जोड मिळते. गळीत सुरू झाले की चिकोडी, निपाणी, संकेश्वर भागात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर धावतात. अनेकांच्या मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर लोंबणाऱ्या उसाआड गेलेला असतो. धडधाकट नजरेलाही ती ट्रॉली अगदी जवळ गेल्यावर दिसते. ताशी 40 किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात 11 मीटर पुढे जाते आणि 80 च्या वेगात 22 मीटर. ब्रेकवर पाय जायला एक सेकंद उशीर झाला, तर त्याचा अर्थ एवढा असतो.

दुसरी गोष्ट मानेची आणि गुडघ्यांची. मान पुरती वळत नसेल, तर मागचे पाहणे आरशावर सोपविले जाते. उजवीकडे वळताना समोरून येणारी वाहतूक कापून जावे लागते. त्या वेळी समोरची गाडी किती दूर आहे आणि किती वेगात आहे, याचा अंदाज एकाच क्षणी करावा लागतो. वय वाढते तसे हे गणित जड जाते. तिसरी गोष्ट औषधांची. सर्दी-खाजेच्या काही गोळ्यांनी आणि झोपेच्या गोळ्यांनी दुसऱ्या दिवशीही सुस्ती राहू शकते. मधुमेहाच्या औषधांनी साखर एकदम उतरली, तर घाम फुटून भान हरपते. नवी गोळी सुरू करताना ‘मी गाडी चालवितो’ हे डॉक्टरांना स्वतःहून सांगावे.

आपला अंदाज आपल्यालाच फसवितो

ही झीज इतकी हळूहळू होते की ज्याची त्याला कळत नाही. 2019 साली जगाने याची दोन उदाहरणे पाहिली. जानेवारीत इंग्लंडच्या राणी एलिझाबेथ यांचे पती प्रिन्स फिलिप, वय 97, स्वतः गाडी चालवीत असताना सँडरिंगहॅमजवळ त्यांची गाडी दुसऱ्या मोटारीला धडकून उलटली. ते बचावले, दुसऱ्या गाडीतील दोन स्त्रिया जखमी झाल्या, सोबतचे तान्हे मूल सुखरूप राहिले. उन्हाने डोळे दिपल्याचे त्यांनी सांगितले, जखमी स्त्रीला पत्र पाठविले आणि पुढच्याच महिन्यात आपला परवाना परत केला.

दुसरे उदाहरण जपानचे. एप्रिलमध्ये तोकियो शहराच्या इकेबुकुरो भागात एका 87 वर्षांच्या निवृत्त उच्च अधिकाऱ्याच्या गाडीखाली एक तरुण आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी ठार झाली. गाडीत बिघाड होता, असे त्याचे म्हणणे. न्यायालयाने मात्र त्याने ब्रेक समजून अॅक्सिलरेटर दाबल्याचे मानले आणि 2021 मध्ये पाच वर्षांची शिक्षा दिली. त्या एका वर्षात जपानमध्ये सुमारे सहा लाख लोकांनी आपण होऊन परवाने परत केले. परवाना परत करणाऱ्यांना तेथील अनेक गावांत बस-टॅक्सीत सवलत मिळते. मागितलेल्या गोष्टीच्या बदल्यात काहीतरी द्यायचे, हा त्यामागचा शहाणपणा आपण घरातही आणू शकतो.

घरच्यांनी काय पाहावे?

महिन्यातून एकदा त्यांच्याशेजारी बसून जावे. परीक्षा घेतल्यासारखे नको. बाजाराला, देवळाला सहज सोबत म्हणून. मग पुढील गोष्टी ध्यानात येतील. गाडीवर नवे ओरखडे आहेत का? मागचे लोक वारंवार हॉर्न देतात का? इंडिकेटर चालूच राहतो का? ब्रेक उशिरा आणि जोरात लागतो का? रोजच्या रस्त्यावर, गोवावेसला किंवा काँग्रेस रोडवर, ‘आता कुठे वळायचे?’ असा गोंधळ होतो का? स्कूटर असेल, तर हळू चालविताना तोल जातो का, सिग्नलला पाय टेकविताना गाडी कलते का, स्टँडवर लावताना दम लागतो का? परवान्याच्या अर्जातील एक प्रश्न घरीही विचारता येतो: चांगल्या उजेडात 25 मीटरवरची, म्हणजे सुमारे तेहतीस पावलांवरची, नंबरप्लेट चष्मा लावून वाचता येते का?

आणि एक प्रश्न स्वतःला विचारावा. त्यांच्या गाडीत आपल्या लेकराला एकटे बसवून पाठवायला मन कचरते का? कचरत असेल, तर उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे.

पायरी पायरीने

सगळे एकदम सोडायची गरज बहुतेक वेळा नसते. आधी रात्रीचे चालविणे थांबवावे. मग हायवे आणि घाट. पावसाळ्यात धुक्यातला चोर्ला किंवा आंबोली तरण्यांनाही जड जातो. त्यानंतर गणपत गल्लीसारखी गर्दीची ठिकाणे आणि सणासुदीचे दिवस. शेवटी सकाळच्या वेळी घराजवळचा ओळखीचा रस्ता उरतो, आणि तोही एक दिवस आपोआप सुटतो. स्कूटरवाल्यांनी हे अधिक लवकर करावे. तरुण पडला तर खरचटते, सत्तरीत पडले तर खुब्याचे हाड मोडते आणि माणूस महिनोन्महिने अंथरुणाला खिळतो.

याला अपवाद आहे. फिट येणे, अचानक शुद्ध हरपणे, डॉक्टरांनी निदान केलेला वाढता स्मृतिभ्रंश किंवा नजर फार अधू होणे, अशा वेळी पायऱ्या नाहीत. गाडी त्याच दिवशी थांबली पाहिजे, मग घरात कितीही वाईटपणा येवो. रस्त्यावरच्या परक्या माणसाचा जीव आपल्या घरच्या मानापमानापेक्षा मोठा आहे.

सांगायचे कोणी?

सुनेने सांगितले तर उद्धटपणा ठरतो, मुलाने सांगितले तर हुकूम. मुलगी, बरोबरीचा मित्र किंवा वर्षानुवर्षांचे डॉक्टर यांचे शब्द अधिक चालतात. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ‘रात्री चालवू नका’ म्हटले की घरच्यांना वाईट व्हावे लागत नाही. जेवणाच्या ताटावर, पाहुण्यांसमोर हा विषय काढू नये. सुरुवातही प्रश्नाने करावी. ‘अप्पा, रात्री समोरच्या दिव्यांचा त्रास होतो का हो?’ असे विचारले, तर अनेकदा तेच सांगू लागतात. कित्येकांना आतून भीती वाटतच असते; ती बोलून दाखवायला वाट हवी असते.

चोरून किल्ली लपविणे, बॅटरीची वायर काढून ठेवणे, न विचारता गाडी विकणे हे प्रकार शक्यतो करू नयेत. गाडी जाते त्याचे दुःख विसरले जाते, फसविल्याचे विसरले जात नाही.

किल्लीच्या बदल्यात काय?

गाडी सुटली की दोघांचे बाहेर जाणे सुटते, हे आपण विसरतो. आजींची भिशी, भजन, बहिणीकडची फेरी ही सगळी आजोबांच्या गाडीवर असते. म्हणून आठवड्यातल्या फेऱ्यांची यादी करावी आणि प्रत्येक फेरीपुढे ‘कशाने’ आणि ‘कोणासोबत’ हे लिहावे. ओळखीचा रिक्षावाला महिन्याच्या बोलीवर ठरवावा. किराणा, औषधे घरपोच मागवावीत. बँकेचे काम नातवाने फोनवर शिकवावे.

खर्चाचा हिशेबही मांडावा. समजा विमा, सर्व्हिसिंग, टायर आणि पेट्रोल मिळून गाडीवर वर्षाला साठ हजार रुपये जातात. म्हणजे महिन्याला पाच हजार. तेवढ्यात गावातल्या गावात रिक्षाच्या बऱ्याच फेऱ्या होतात. ती रक्कम दरमहा वेगळ्या पाकिटात घालून आजोबांच्याच हाती द्यावी. कुठे जायचे ते त्यांनी ठरवावे, हात पसरायची वेळ येऊ नये.

कर्नाटकात 60 वर्षांवरील ज्येष्ठांना सरकारी बसच्या तिकिटात 25 टक्के सवलत मिळते. 11 जून 2023 पासून सुरू झालेल्या ‘शक्ती’ योजनेत राज्यातील रहिवासी महिलांना साध्या बसमधून मोफत प्रवास आहे. त्यामुळे आजींनाच आता आजोबांना फिरवायला नेता येईल.

खेड्यात मात्र हे इतके सोपे नाही. जिथे दिवसातून दोनदा बस येते, तिथे दुधाचे कॅन आणि शेताची फेरी एक्सएलवरच होते. तिथे भाऊबंदांतल्या एखाद्या तरुणाने ठरावीक दिवस वाटून घेतले, तरच म्हाताऱ्या माणसाला गाडी सोडणे परवडेल. नुसता उपदेश करून शहरात परतणाऱ्या मुलांनी आधी ही व्यवस्था लावून द्यावी.

आज पन्नाशीत असलेल्यांनीही एक काम करून ठेवावे. हातपाय धड आहेत, डोके शांत आहे, तेव्हाच घरच्यांना सांगावे: ‘माझे चालविणे बिघडले असे तुला वाटले, की तू मला सांगायचे आणि मी ऐकायचे.’ कोणी सांगायचे तेही नाव घेऊन ठरवावे. वीस वर्षांनी ते वाक्य कोणाला तरी उच्चारावे लागेल, तेव्हा निदान ते आपल्याच तोंडचे असेल.